मामांच्या नावाने

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला मामांनी चौथ्यांदा 'नकार द्या' हे बटण दाबलं, आणि परवानगीबाईंनी खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की शेजारच्या टेबलावरची पेनं खाली सांडली.

"मामा, अहो शेवटचं बटण होतं ते! पासवर्ड झाला, कोड झाला, सगळं झालं. फक्त 'परवानगी द्या' म्हणायचं राहिलं होतं."

"ते दिसलं मला," मामा शांतपणे म्हणाले. "पण त्याच्या वर काय लिहिलंय, ते तुम्ही वाचलंत का?"

परवानगीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत आता तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. गेले दोन महिने ती लॅपटॉप काखेत मारून टेबलाटेबलाशी परवानग्या मागत हिंडत होती. कंपनीने मेकॅनिक मंडळींसाठी एक एआय सहायक आणला होता. कामावर अडलेल्या मेकॅनिकने फोनवर विचारायचं आणि सहायकाने सगळ्यांच्या नोंदी चाळून उत्तर द्यायचं, अशी ती सोय. नोंदी होत्या ज्याच्या त्याच्या ऑनलाइन डॉक्युमेंटांत, ज्याच्या त्याच्या अकाउंटवर. ज्याचं अकाउंट त्याने स्वतः आत शिरून 'परवानगी द्या' म्हटल्याशिवाय सहायकाला त्यातलं अक्षर दिसत नसे. पासवर्ड सहायकाला कळत नाही, परवानगीबाईंनाही कळत नाही. व्यवस्था अगदी चोख होती, माणसं तेवढी चोख नव्हती. एकाला पासवर्ड आठवेना. दुसऱ्याचा कोड जायचा बायकोच्या फोनवर, आणि बायको गेलेली माहेरी. तिसरा चष्मा शोधेपर्यंत दहा मिनिटं उलटायची, पान शिळं व्हायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिच्या नाकी नऊ आले होते.

पण मामा सोडून बाकीच्या एकवीस जणांनी रडतखडत का होईना, बटण दाबलं होतं. वरचा मजकूर वाचायच्या भानगडीत त्यांच्यातला एकही पडला नव्हता. मामा वाचत होते. प्रत्येक वेळी, पहिल्या शब्दापासून, ओळीवर बोट ठेवून.

'हा सहायक तुमची सर्व डॉक्युमेंटं पाहू शकेल, त्यांत बदल करू शकेल, नवीन तयार करू शकेल आणि कायमची काढून टाकू शकेल.'

"पाहू दे की," मामा म्हणाले. "पाहायला माझी ना नाहीच. पण बदल कशाला? आणि काढून कशाला टाकायचं? मी सव्वीस वर्षं घातली त्यात."

"तो काही काढून टाकत नाही हो. नुसतं लिहिलेलं असतं तसं."

"मग लिहिलंय कशाला?"

याला उत्तर होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. नुसत्या वाचण्यापुरती वेगळी परवानगी मागता येते. पण पहिल्याच आठवड्यात ती छोटी परवानगी दोनदा अडकली होती आणि वैतागून तिने सरसकट सगळं मागून टाकलं होतं. आता पुन्हा लहान करायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मामांनी पहिला नकार दिला तेव्हा नऊ वाजले होते. तेव्हाच बसली असती तर एव्हाना झालंही असतं. पण माणूस चिडला की हे सुचत नाही, आणि सुचलं तरी ते करण्यात हार वाटते.

"ते सगळं एकत्रच येतं, मामा," ती म्हणाली. चक्क खोटं बोलली.

मामांचा आज नोकरीतला शेवटचा दिवस होता. त्यांच्याकडे दोनशे बारा लिफ्ट होत्या आणि प्रत्येक लिफ्टचं वेगळं डॉक्युमेंट. कुठली लिफ्ट सहाव्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते, कुठल्या इमारतीत तारा बदलताना कुणी रंगांचा घोळ घातलाय, कुठल्या दाराला विश्वासाने हात लावू नये, सगळ्या खोडी टिपलेल्या. दुसरीकडे कुठेही ही माहिती नव्हती. आणि सोमवारपासून त्या दोनशे बारा लिफ्ट जाणार होत्या परवानगीबाईंच्या धाकट्या बहिणीकडे.

खरी मेख इथे होती. धाकटी आठ महिन्यांपूर्वी मेकॅनिक म्हणून लागली. घरात कुणाला ते पसंत नव्हतं, आणि आईने तर साफ सांगितलं होतं, तिला काही झालं तर मी तुला विचारीन, कारण तिथे चिकटवलीस तू. चालत्या लिफ्टच्या टपावर उभं राहून काळोख्या शाफ्टमध्ये हात घालायचा, असलं काम. तीन आठवडे मामांनी तिला बरोबर हिंडवलं होतं, पण तीन आठवड्यांत साठ लिफ्टसुद्धा बघून झाल्या नव्हत्या. उरलेल्या दीडशेंबद्दल धाकटीला कोण सांगणार? ताईचा जीव टांगणीला लागला होता, आणि हा गृहस्थ ओळीवर बोट ठेवून वाचत बसला होता.

"मामा, माझ्या बहिणीसाठी तरी," ती शेवटी म्हणाली.

मामांना ते लागलं. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. "बाई, मी शाफ्टमध्ये उतरतो ना, तेव्हा मेन स्विच पाडून वीज तोडतो आणि त्याला माझं कुलूप लावतो. किल्ली माझ्या खिशात. मग खाली लोक बोंब मारू देत, साहेब येऊ देत, ते कुलूप मीच काढणार. त्याची दुसरी किल्ली आम्ही ठेवत नाही. का, तर आत माणूस आहे की नाही, हे फक्त ज्याचं कुलूप त्यालाच माहीत असतं. तुमच्या बहिणीला मी पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नाही."

"इथे कोण उतरलंय शाफ्टमध्ये? कागद आहेत हो ते!"

"कागद आहेत," मामा म्हणाले, आणि उठून गेले.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी नीट कळलं. जेवणाच्या सुट्टीत ती जेवली नाही. धाकटी येऊन डबा उघडून बसली, दोन घास खाऊन म्हणाली, "ताई, मामांच्या मागे का लागलीस गं? त्यांच्या पद्धतीने घेतील ते." तिने धाकटीलाही फाडून खाल्लं.

तीन वाजता मामा आपण होऊन आले. "आणा, परत एकदा बघू. वाचून तरी नीट समजून घेतो," म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. पासवर्ड झाला, कोड आला, तो त्यांनी एकेक आकडा मोठ्याने उच्चारत भरला. पान उघडलं. मामांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं, आणि तेवढ्यात साहेब दारात.

"मामा, चला! हॉलमध्ये सगळे खोळंबलेत. केक आलाय, मालकही आलेत."

"जरा एवढं वाचून येतो."

"आज तरी वाचू नका हो!" म्हणत साहेबांनी त्यांचा दंड धरला. मामा उठले. जाताना मागे वळून म्हणाले, "बाई, राहू द्या ते तसंच. येऊन बघतो मी."

खोली रिकामी झाली. पडद्यावर मामांचं अकाउंट उघडं होतं आणि खाली दोन बटणं. दहा मिनिटांनी पान शिळं होणार. हॉलमधली भाषणं काही दहा मिनिटांत संपणार नव्हती, आणि त्यानंतर मामा घरी जाणार होते, कायमचे. आठ मिनिटं ती नुसती बसून राहिली. मनात पाल चुकचुकली नाही, असं नाही. पण दिवसभराचा राग, आईचं ते बोलणं आणि सोमवार, हे सगळं मिळून त्या पालीपेक्षा भारी झालं. मामा एरवी 'हो' म्हणालेच असते, त्यांना फक्त वाचायला वेळ मिळाला नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि बटण दाबलं.

कुणी ओरडलं नाही. 'जोडणी पूर्ण झाली' एवढंच आलं. तिने लगेच धाकटीला निरोप धाडला: 'मामांच्या नोंदी आल्या!! आता काहीही विचार त्याला.' धाकटीने अंगठा दाखवला. ती हॉलमध्ये नव्हती. जुळ्या इमारतींतल्या एका लिफ्टचं दार अडकल्याचा फोन आला होता आणि मामा समारंभात, म्हणून साहेबांनी तिला एकटीलाच पाठवलं होतं. पहिल्यांदाच एकटी.

परवानगीबाई हॉलमध्ये गेली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. मालक बोलले, साहेब बोलले, मामांना बोलता येईना म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने केकचे दोन तुकडे खाल्ले. तुकडा पुढे करत ती मामांना म्हणाली, "मामा, रागावू नका हं माझ्यावर." मामा म्हणाले, "छे हो, तुम्ही तुमच्या कामाला चोख आहात." तिने मग तिसरा तुकडा घेतला नाही.

साडेचारला मामांचा फोन वाजला. एका हातात केकची बशी, दुसऱ्या हातात फुलं. त्यांनी फुलं काखेत धरली, फोन टेबलावर ठेवला आणि बोटाने स्पीकर चालू केला.

"बोल पोरी."

"मामा, घाबरू नका, मी ठीक आहे," धाकटीचा आवाज हॉलभर घुमला. श्वास लागलेला होता. "जुळ्या इमारतींत आहे, मागच्या इमारतीत. डावी लिफ्ट. सहायकाला विचारलं, डाव्या लिफ्टचा मेन स्विच कुठला, तर तो म्हणाला, मामांच्या नोंदीप्रमाणे डावीकडचा. मी तो पाडला, कुलूप लावलं. आणि टपावर पाय टाकायच्या आधी तुम्ही शिकवलंत तसं बटण दाबून बघितलं." ती थांबली. "मामा, लिफ्ट निघाली. एक पाय उचललेला होता माझा."

हॉलमधली माणसं फोनभोवती गोळा झाली. 

"तिथे स्विचवरच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात," मामा म्हणाले. "डाव्या लिफ्टला उजवीकडचा स्विच. मी लिहिलंय तसं. ठळक लिहिलंय."

"नाही हो मामा. मी आत्ता उघडून वाचलं. 'डाव्या लिफ्टचा स्विच डावीकडे.' शेवटचा बदल आज, तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी."

आणि परवानगीबाईंना सगळं कळलं. नव्याने जोडलेल्या प्रत्येकाची डॉक्युमेंटं सहायकाने आपोआप नीटनेटकी करायची, शुद्धलेखन सुधारायचं, दुबार मजकूर काढायचा, ही सोय तिनेच करून ठेवली होती. बाकीच्यांचा गबाळा कारभार बघून केली होती आणि साहेबांनी कौतुकही केलं होतं. आज ती बंद करायला हवी हे तिच्या डोक्यातच आलं नाही. जुळ्या इमारतींची चार डॉक्युमेंटं जवळपास सारखी. पुढच्या इमारतीच्या दोन्हींत डाव्याला डावा, उजव्याला उजवा; मागच्या इमारतीच्या दोन्हींत उलटं. सहायकाला ती चूक वाटली आणि त्याने ती दुरुस्त करून टाकली. मामांच्या परवानगीने आत आला होता, म्हणून मामांच्याच नावाने.

 तीन वाजून एकोणचाळीसला ते याच हॉलमध्ये हात जोडून उभे होते, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं, पण घड्याळ कुणी पाहिलं असणार? मामांनी मान वळवली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. ते नुसते वाट बघत होते.

"असू दे मामा," धाकटीचा आवाज एकदम हळू झाला, अगदी आजाऱ्याशी बोलावं तसा. "शेवटचा दिवस आहे, मन कुठे लागणार. आवराआवर करताना झालं असेल. मी करते नीट. साहेबांना काही बोलणार नाही मी, तुमची शपथ."

साहेब टेबलाच्या पलीकडेच उभे होते. त्यांनी खाली बघितलं. मालकांनी घसा खाकरला. कुणीतरी 'वय झालं' असं पुटपुटलं, आणि ते मामांना ऐकू गेलं.

परवानगीबाई टेबलापाशी आली. 

"ऐक," ती फोनवर वाकून म्हणाली. "मी ताई बोलतेय. ती नोंद मामांनी नाही बदलली. त्यांनी परवानगीसुद्धा दिली नव्हती. बटण मी दाबलं, त्यांच्या मागे. माझ्यामुळे झालं हे."

पलीकडे कुलूप उघडल्याचा खट्ट आवाज आला.

"ताई," धाकटी म्हणाली, "तू मामांना सांभाळून घेतेयस ते कळतंय मला. पण इथे स्पष्ट त्यांचं नाव आहे गं."

"नाव त्यांचंच येतं. पण ते त्यांनी केलेलं नाही. खरंच सांगतेय मी."

"बरं बरं, ठीक आहे," धाकटी समजुतीने म्हणाली.

साहेबांनीही मान हलवली आणि परवानगीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनाची बाई आहे, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आता आवाज चढवून, रडत, आणि हॉलमधली सगळी माणसं तिच्याकडे कौतुकाने बघत राहिली. तिच्यावर विश्वास बसला होता तो एकट्या मामांचा.