दारावर लवकर चढलेली पाटी

मित्रांनो, मी एक पितळी पाटी आहे. माझे वय तसे फार नाही, पण काळजीने माणूस लवकर पिकतो, तशी मी लवकर काळवंडले.

रत्नागिरीतल्या एका कारागिराने माझ्यावर अक्षरे कोरली, 'डॉ. मृणाली संदेश शिवलकर'. मृणाली जर्मनीतल्या एका विद्यापीठात माशांवर संशोधन करत होती. प्रबंधाची तोंडी परीक्षा ती पास झाली आणि त्याच आठवड्यात तिचे बाबा संदेशभाऊ मला घेऊन घरी आले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय! आरे-वारेच्या रस्त्याला आमचे घर. येणारे-जाणारे थांबून मला वाचत. शेजारच्या येसूबाईंनी तर मला हळदकुंकू वाहिले. मी फुलून गेले होते.

संदेशभाऊंनी माझा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. संध्याकाळी मृणालीचा फोन आला. 

"बाबा, ती पाटी आधी उतरवा! फोटो पण काढून टाकायला सांगा."

"अगो, पास झालीस ना? मग घाबरतेस कशाला?"

"इथं नुसतं पास होऊन भागत नाही. प्रबंध छापून व्हायला हवा, पदवीचं पत्र हातात यायला हवं. त्याआधी नावाला डॉक्टर लावणं इथं गुन्हा आहे. माझ्या सरांनी पाहिलं तर मी काय सांगू?"

संदेशभाऊंचे तोंड उतरले. आयुष्यभर बोटीवर वादळे पाहिलेला तो माणूस, पण माझे स्क्रू काढताना कोणी बघत नाही ना, म्हणून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे वळून पाहत होता. मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले.

तिथे खाऱ्या हवेने माझ्यावर हिरवट डाग चढले. प्रबंधात दुरुस्त्या निघाल्या, छपाई लांबत गेली. "माझ्या हौसेपायी पोरीची पदवी गेली तर गो?" संदेशभाऊ बायकोला विचारत, आणि ते मला वर माळ्यावर ऐकू येई. रस्त्यावर भंगारवाला ओरडला की वाटे, आता माझी पाळी. माझ्यावरची अक्षरे खोटी ठरली, तर मला कोण ठेवणार?

अखेर पदवी मिळाली. मृणाली स्वतः घरी आली. तिने मला आमसुलाने घासले आणि आपल्या हाताने दारावर लावले. संदेशभाऊ किती दिवसांनी हसले.

"आता पुढची पाटी प्रोफेसरची!"

मृणालीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बाबा, जर्मनीत मिळालेली नोकरी दोनच वर्षांची आहे. मग पुन्हा दुसरीकडे अर्ज. तिथं प्रोफेसरच्या जागा थोड्या, आणि माणसं भरपूर. नाहीच मिळाली आणि तशीच परत आले तर?"

तिच्या डोळ्यांत मला माझीच माळ्यावरची भीती दिसली. संदेशभाऊंनी दार सताड उघडले.

"तर ये," ते म्हणाले. "पाटी नसली तरी दार तुझंच आहे."

मृणाली तिथेच उंबऱ्यावर बसून रडली.

मित्रांनो, आम्हा पाट्यांना अधूनमधून घासत जा, आम्हाला बरे वाटते. पण दमून दारात आलेल्या माणसाला, आता पुढे काय, असे विचारू नका. त्याला आधी आत घ्या.