फलकाखालचे दगड

लॉन्ड्रीवालीच्या विहिरीला सिमेंटची अकरा कडी होती आणि त्यातली आठ उघडी पडली होती. पंपाचा पाइप नवव्या कड्यापर्यंत पोचायचा. म्हणजे आणखी एक कडं कोरडं पडलं, की बावीस वर्षं चाललेलं दुकान बंद. रोज सकाळी ती दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायची, दोरी कुठवर भिजली ते बघायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर उगाच डाफरायची.

म्हणून तर ती नदी समितीत शिरली होती. गवंड्याने एका बैठकीत सगळ्यांना समजेल असं सांगितलं होतं: वरच्या ओढ्यात जागोजागी दगडांचे बुटके बांध घाला, पाणी रेंगाळेल, जमिनीत मुरेल, खालच्या विहिरींना मिळेल आणि उरलेलं हळूहळू नदीला जाईल. इतकं साधं. पण साधं काम समितीच्या हाती लागलं की त्याचं काय होतं, ते समितीत बसल्याशिवाय कळत नाही. तिला सचिव केलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. मग ती लिहीत बसली. ओढ्याकाठी लावायच्या फलकाचा रंग निळा असावा की हिरवा, यावर दोन तास गुऱ्हाळ चाललं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं आणि आपलंच बोलणं चालू, ही सवय त्यांची बैठकीतही सुटत नसे.

तरी बांध झाले. दर शनिवारी गवंडी, ती आणि आणखी पाच-सहा जण ओढ्यात उतरत, सपाट दगड खाली, गोल दगड वर असे रचत. आणि पुढच्या शनिवारी जाऊन बघावं तर ओढा हाताने पुसल्यासारखा साफ. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा ती म्हणाली, वाहून गेले असतील. गवंडी म्हणाला, "पाऊसच नाही बाई, वाहून कशाने जातील?" दुसऱ्यांदा तिला पलीकडच्या नर्सरीवाल्याचा संशय आला. त्याला रोपांच्या वाफ्यांना कडेने लावायला दगड लागतातच. तेव्हापासून तिने त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. तिसऱ्यांदा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवामान खात्याने गुरुवारी मोठा पाऊस सांगितला होता आणि हंगामातला कदाचित तो शेवटचा. तो पाऊस अडला नाही, तर नववं कडं गेलं म्हणून समजा.

सोमवारी दुकानाला कुलूप घालून ती ओढ्याच्या कडेने चालत निघाली. नर्सरीत एकही दगड दिसला नाही. पुलाजवळ मात्र समितीचा नवा फलक दिसला. निळ्यावर पांढरी अक्षरं: थेंब न थेंब वाचवा. फलक एका सुबक चौथऱ्यावर उभा होता, कंबरभर उंच. सपाट दगड खाली, गोल दगड वर.

आणि चौथऱ्याच्या कडेला बसून, कंबर चोळत, तिचा थोरला भाऊ चहा पीत होता.

दादा आयुष्यभर पोस्टमन होता. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, म्हणून तो समितीच्या रविवारच्या सफाई गटाचा प्रमुख झाला होता. शनिवारचा गट आणि रविवारचा गट एकमेकांशी कधी बोलले नव्हते, कारण दोन्ही गटांनी आपापला अहवाल थेट अध्यक्षांकडे द्यायचा, असा ठरावच होता.

"दादा, हे दगड कुठून आणले?"

"ओढ्यातून. बघ ना, कोणी तरी आडवे टाकून ठेवत होतं. दर आठवड्याला." तो हसला. "माझी कंबर गेली, चिमे. पण एकही ठेवला नाही."

बावन्नाव्या वर्षी तिला चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. ती ओरडणार होती. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"कोणी सांगितलं तुला?"

दादाने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. ओढ्यातील सर्व अडथळे हटवावेत, असा ठराव आणि खाली तिची सही. ठसठशीत, वळणदार. त्या निळ्या-हिरव्याच्या रात्री अध्यक्षांनी पुढे केलेले सहा कागद तिने एकही न वाचता सह्या करून परत दिले होते. घरी जायची घाई होती, बाकी काही नाही.

"तुझी सही बघितली आणि निघालो," दादा म्हणाला. "म्हटलं, पाणी मोकळं झालं की सरळ तुझ्या विहिरीला येईल. तू आठवं कडं आठवं कडं करत असतेस, झोप नाही लागत मला."

तिला स्वतःचाच राग आला. मग तिने त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, बांध कशासाठी, दगड कशासाठी. दादा ऐकत राहिला. चहा गार झाला. "म्हणजे तुझंच पाणी मी पळवत होतो," तो एवढंच म्हणाला आणि उठून फलकाचे नट सैल करू लागला.

ती नर्सरीवाल्याकडे गेली आणि मान खाली घालून पहार मागितली. त्याने दिली, शिवाय दोन माणसंही दिली. "आठवडाभर तुम्ही का रागावलात, तेवढं सवडीने सांगा," तो म्हणाला.

तेवढ्यात, कोणी तरी कळवलं असावं, अध्यक्षांचा फोन आला. चौथरा मोडायचा तर बैठक बोलवावी लागेल, रविवारी उद्घाटन आहे, फोटोवाल्याला सांगून झालंय.

"बोलवा बैठक," ती म्हणाली. "इतिवृत्त मी मागाहून लिहिते. या वेळी वाचूनही बघते."

फलक पत्र्याचा होता. त्यावर दगड भरून, दोर बांधून त्यांनी तो उतारावरून ओढत नेला, अक्षरं खाली. त्या फलकाने केलेलं ते पहिलं काम. दादाला तिने चारदा बसायला सांगितलं, त्याने चारदा ऐकलं नाही. बुधवारी संध्याकाळी गवंड्याने शेवटचा दगड बसवला.

गुरुवारचा पाऊस सांगितला होता त्याच्या निम्माच पडला. तेवढ्यावरही अध्यक्षांनी समितीचं अभिनंदन केलं. तिने शनिवारपर्यंत दोरी विहिरीत सोडलीच नाही, धीरच होईना. शेवटी दादाच आला, पट्टा बांधलेली कंबर सांभाळत, आणि त्याने दोरी सोडली, वर ओढली, बोटांनी चाचपली. आठवं कडं बुडालं होतं. सातव्यालाही ओल होती.

"आलं का गं मोकळं?" त्याने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"नाही दादा," ती म्हणाली. "थांबून आलं." मग तिने पंपाचं बटण दाबलं आणि दादाला खुर्ची आणून दिली.