माझ्या कोऱ्या पानावरचा अर्ज

मित्रांनो, मी बारावीच्या इंग्रजीचं एक जुनं गाईड आहे. चोपड्यातल्या एका घरात, कपाटावर पालथं पडून आहे. मला पालथं कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण बरंच केलं. सरळ तोंडानं तुमच्याकडे बघायची मला लाज वाटते. का, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जळगावच्या एका छापखान्यात झाला. अंगावरची शाई वाळायच्या आत माझ्या मुखपृष्ठावर लाल अक्षरांत ‘हमखास यश’ असं छापलं गेलं. काय ती ऐट माझी! दुकानात बाकीच्या पुस्तकांकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो. प्रश्नाखाली उत्तर, पत्राखाली सही, सगळं तयार. मुलांनी फक्त गिळायचं.

मला झुलाल आबांनी विकत घेतलं, त्यांच्या लेकीसाठी, रूपासाठी. आबा केळीच्या पॅकिंग हाऊसवर खोकी भरून गाडीत चढवतात. शाळा त्यांनी तिसरीतच सोडली. इंग्रजीतला एकच शब्द त्यांना ओळखता येतो, तो म्हणजे लेकीचं नाव. ओळखपत्रावर बोट ठेवून तिनंच तो त्यांना शिकवला होता. मला घरी आणल्यावर त्यांनी पंच्यानं हात पुसले आणि मगच मला उघडलं. तो मान मी कधीच विसरलो नाही. म्हणून तर आता जास्त टोचतं.

कॉलेजात बन्सीलाल सर माझ्यातूनच शिकवायचे. ते म्हणायचे, “पत्र क्रमांक सात, आयएमपी! तोंडपाठ पाहिजे. आणि पेपरात स्वतःचं नाव-गाव लिहायचं नाही बरं का, पंचाईत होईल. गाईडात आहे तेच नाव टाका.” परीक्षेचा तसा नियमच आहे, सरांना कशाला बोल लावू?

माझं सातवं पत्र म्हणजे नोकरीचा अर्ज. अर्जदार हेमंत कारखानीस, राहणार पुणे, टायपिंगचा पाच वर्षांचा अनुभव. असा माणूस कुठंच नाही. छापणाऱ्यांनी जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत तो बनवला होता. रूपानं त्याला वर्षभर घोकलं. झाडू मारताना, पीठ मळताना, हेमंतच तिच्या ओठावर. अर्थ कशाचा काय, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. परीक्षेत तिला इंग्रजीत अठ्ठ्याहत्तर मार्क पडले. आबा गल्लीभर सांगत फिरले, “मनी पोर बठ्ठं विंग्रजी जाणस!” पोरीला सगळं इंग्रजी येतं, हे ऐकून मीही कपाटात छाती फुगवून बसलो होतो.

त्या उन्हाळ्यात आबांच्या पॅकिंग हाऊसला ऑफिसात मुलगी हवी होती. परदेशी जाणाऱ्या खोक्यांची यादी करायची, आलेले निरोप वाचायचे. घरात ठरलं होतं, नोकरी लागली तर रूपाचं पुढचं कॉलेज चालू राहील, नाहीतर आईबरोबर कापूस वेचायला जायचं. मालक रतिलालशेठ म्हणाले, “इथंच बसून इंग्रजीत अर्ज लिही.” आधार म्हणून रूपानं मला पिशवीत नेलं होतं, पण उघडायची गरजच पडली नाही. न थांबता तिनं पानभर सुंदर अक्षरात लिहून दिलं.

शेठनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“पोरी, हा हेमंत कारखानीस कोण गं? नोकरी त्याला द्यायची की तुला?”

ऑफिसातले सगळे हसले. दारात खोकं घेऊन आबा उभे होते. त्यांना वाटलं, पोरीचं कौतुकच चाललंय, म्हणून तेही हसले. मित्रांनो, ते हसू मला सहन झालं नाही. पिशवीत माझं पान न् पान आक्रसलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “आठ दिवसांनी ये. चार ओळी आण, पण तुझ्या आण.” आबांनी तो कागद घेतला, उलटासुलटा केला, वरून खाली बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, “बेटा, यामा तुनं नाव कोठे शे?”

त्यावर ती ढसाढसा रडली. दोनशे चाळीस पानं माझी, आणि त्यांत त्या पोरीचं नाव कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आबा फाटक्या खोक्यांचे पुठ्ठे घरी आणू लागले. रूपा त्यावरचं इंग्रजी वाचायची. वजन किती, माल कुठून निघाला, कुठं चालला, गारवा किती ठेवायचा. अडलं की पुठ्ठा घेऊन बन्सीलाल सरांकडे जायची. सरही कधी अडायचे, मग दोघं मिळून डिक्शनरी काढायचे. मला कुणी हात लावला नाही, आणि माझी तक्रारही नव्हती.

सातव्या दिवशी मात्र तिनं मला उघडलं. सातवं पत्र नाही, अगदी शेवटचं कोरं पान. तिथं तिनं खोडत, अडखळत इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. मी रूपा, झुलाल यांची मुलगी. चोपड्याला राहते. खोक्यांवरचं वाचता येतं. अनुभव नाही. शिकेन. दोन चुका होत्या. मला दिसत होत्या, पण त्याही तिच्याच होत्या.

आबांनी पंच्यानं हात पुसले, पानावर बोट फिरवलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले. “हाई देख!” म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. रूपानं ते पान टर्रकन फाडलं आणि तेच घेऊन ती शेठकडे गेली. एक महिना बघू, म्हणाले शेठ. तो महिना सरूनही आता चार महिने झालेत, रूपाची नोकरी आणि कॉलेज दोन्ही चालू आहे.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, जपूनही ठेवू नका. तुमच्याकडे माझी भावंडं असतील, त्यांचं शेवटचं कोरं पान आज उघडा आणि त्यावर स्वतःबद्दल चार ओळी लिहा, चुकल्या तर चुकू द्या. माझं ते पान गेलं, तिथं आता फाटकी कड तेवढी उरली आहे. माझ्या सगळ्या अंगात तेवढीच एक जागा आहे, जिची मला लाज वाटत नाही.