माझं वजन बाळाच्या नावावर

मी एक जुनी लोखंडी कात्री आहे. मित्रांनो, आता मला गंज चढला आहे, पण लोहाराच्या ऐरणीवर सोसलेला घाव न् घाव मला आठवतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं मला घेतलं आणि लेकीच्या लग्नात तिच्या हाती दिलं. लेकीचा हातही आईसारखाच. "हिच्या बेतण्याला नावं ठेवायला जागा नाही," असं सासूबाईसुद्धा म्हणत.

मग तिला दिवस गेले. घर हरखलं. ती मात्र कापड पसरून नुसती बसून राही. घास गिळवेना, झोप लागेना. एकदा मला हातात धरून पुटपुटली, "मला बाळाचं काहीच वाटत नाही गं. मी कसली आई?" ते मी ऐकलं, माणसांपैकी कुणी नाही.

नवरा म्हणे, "हस की जरा, नाहीतर पोर रडकं निपजेल."

सासूबाई म्हणत, "आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत? कामाला लाग, म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल."

वजन वाढलं नाही म्हणून दवाखान्यातली नर्स रागावली. पुढच्या खेपेला माझ्या मालकिणीनं घरीच झग्याच्या आत खिसा शिवला आणि मला त्यात ठेवलं. काटा सरकला. नर्स खूश झाली.

"शाब्बास! आता कसं बाळ अंग धरतंय!"

माझं वजन बाळाच्या नावावर लागलं. काट्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तिच्या तोंडाकडे कुणीच नाही.

बाळ दिवस भरण्याआधीच आलं, एवढंसं. ते जगलं. पण ती त्याच्याकडे पाठ करून निजून राहिली. पुढे माहेरी गेली, ती अजून परतली नाही. बाळ आता सासूबाईंनाच आई म्हणतं.

ती माहेरी गेल्यावर तिचा झगा धुवायला घेताना सासूबाईंना आतल्या खिशात मी सापडले. मला तळहातावर तोलत त्या पुटपुटल्या, "म्हणजे ते वजन बाळाचं नव्हतंच!"

आता धाकट्या सुनेला दिवस गेलेत. परवा तिला दवाखान्यात न्यायचं होतं. सासूबाईंनी तिला दारातच थांबवलं.

"वजनाचं राहू दे. तुझं मन कसं आहे?"

"बरंय की."

"थोरलीला मी हे कधी विचारलंच नाही. तू खरं सांग. डॉक्टरांशी बोलू, मी जवळ बसते."

धाकटी रडू लागली.

मित्रांनो, घरात कुणाला दिवस गेले असतील आणि ती गप्प गप्प झाली असेल, तर तिला हसायला सांगू नका. हा मनाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. मोठ्यांना सांगा, तिला वेळेवर डॉक्टरांकडे न्यायला लावा.

मला कपाटाच्या खणातून काढून धार लावून आणा, असंही सांगणार होते. पण मला धरणारा हात आता या घरात नाही.