भिंतीकडे तोंड केलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची औषधाची बाटली आहे. चिमूरच्या पुढे, तळ्याकाठच्या एका गावात, हरिदासभाऊंच्या घरातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. आता मी रिकामी आहे. तळाशी थोडं तेल चिकटून राहिलंय, तेवढंच.

माझ्यात भरलेलं तेलकट औषध भांगेच्या झाडापासून काढलेलं होतं. दचकू नका, नशा आणणारा भाग त्यातून वेगळा केलेला असतो. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी हरिदासभाऊंच्या मुलाला, राजदीपला, समजावलं, ते मीही ऐकलं होतं. माणसाचं शरीर म्हणे स्वतःच त्या झाडातल्यासारखी काही द्रव्यं तयार करतं आणि मेंदूतली धावपळ आवरतं. त्या कामाला हातभार लावणारी काही औषधं निघाली आहेत, त्यांतलंच एक माझ्यात होतं. ऐकून मला कोण अभिमान वाटला! पण माझ्या अंगावरच्या कागदावर त्या झाडाचं हिरवं पान छापलेलं होतं आणि त्या पानानंच माझा घात केला.

राजदीप माजरीच्या कोळसा खाणीत कामाला आहे. त्याची मुलगी रिना नऊ वर्षांची. तिला फिट यायच्या आणि साध्या गोळ्यांनी भागत नव्हतं, म्हणून त्यानं मला आणलं. तो ड्युटीवर परत गेला आणि त्याच्या वडिलांनी, म्हणजे हरिदासभाऊंनी, मला उजेडात धरून पाहिलं. पान त्यांनी लगेच ओळखलं.

हरिदासभाऊ एके काळी मोहाची दारू प्यायचे. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घरी येताना कितीदा तरी पाण्यात पडले होते. मग एक दिवस बुद्धविहारात त्यांनी पंचशील घेतलं आणि त्यातलं पाचवं शील, नशा न करण्याचं, जिवापाड जपलं. त्यांच्याकडे पाहून गावातले आणखी काहीजण सुधारले. असा माणूस मला नातीच्या तोंडाला कसा लागू देणार? राजदीपनं फोनवर परोपरीनं सांगितलं, पण म्हाताऱ्याचं आपलं एकच. "नशेचं झाड माह्या घरात नाई चालत." त्यांनी मला फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

त्यानंतर मी फक्त भिंत पाहिली. शेजारच्या तिखटामिठाच्या डब्यांना सारखा हात लागे. मी मात्र असून नसल्यासारखी. येत असे ती एकटी रिना. शाळेत तिला फिट आली तेव्हा पोरं ओरडत पळाली होती, कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती. तेव्हापासून तिचं शाळेत जाणं बंद झालं आणि खेळणंही. ती दाराच्या पायरीवर बसून राही. कंटाळली की स्टुलावर चढून माझ्या पाठीवर नखानं टकटक करी. मला ती टकटक फार आवडायची.

मग एका सकाळी अंगणात रिनाला मोठी फिट आली. थांबता थांबेना. तिची आई कांता तिला कुशीवर धरून बसली होती. पोर शुद्धीवर आली तेव्हा कांता सासऱ्याकडे वळली. त्यांच्यापुढे ती कधी मान वर करून बोललेली नव्हती.

"मामाजी, तुमचं शील लाख मोलाचं हाय. पण माही पोरगी अशीच गेली, त मी कोनाले विचारू?"

दुपारी मायलेकींचा डोळा लागला, तेव्हा हरिदासभाऊंनी मला खाली काढलं. रिनासाठी ठरलेलं माप त्यांनी स्वतःच्या जिभेवर सोडलं, मला बंडीच्या खिशात टाकलं आणि तळ्यावर गेले. पिंपळाखाली बसून नशेची वाट पाहिली. बऱ्याच वेळानं उठले आणि त्याच अरुंद पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत फिरले, पुन्हा चालले. मी खिशात जीव मुठीत धरून होते. त्यांचा पाय एकदाही सरकला नाही.

घरी येऊन ते कांतापुढे उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"नशा मी चांगली ओळखतो, बाई. हे ते नाई. मीच पोरीले उगाच तरसवलं. दे तिले."

त्या दिवसापासून माझ्या आयुष्याचं सार्थक झालं. फिट पूर्णपणे गेल्या असं नाही. पण पूर्वी फिटशिवाय आठवडा निभत नसे, आता महिना महिना निघतो. रिना पुन्हा शाळेत जाते. मी संपले, दुसरी बाटली आली, तरी हरिदासभाऊंनी मला टाकलं नाही. मला फिरवून, दाराकडे तोंड करून ठेवलं.

आता इथून मला पायरी दिसते, आणि तेच माझं दुःख आहे. शाळा सुटली की पोरं तळ्याकडे धावतात आणि रिना अजूनही त्या पायरीवर एकटीच बसते. पोरांच्या मनातली भीती काही गेलेली नाही. कधीकधी हरिदासभाऊ तिच्याजवळ टेकतात, पण आजोबा म्हणजे काही मैत्रीण नव्हे.

मित्रांनो, औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं आणि नीट कळल्याशिवाय त्याला नावं ठेवू नयेत. फिटचा आजार शिवल्यानं लागत नाही. कुणाला आली तर पळू नका, चप्पल लावू नका. त्याला कुशीवर वळवा, मोठ्या माणसाला हाक मारा आणि तो शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबा. माझ्याजवळ होतं ते मी शेवटच्या थेंबापर्यंत दिलं. शेजारी जाऊन बसणं मात्र बाटलीला जमत नाही. पायरी चांगली रुंद आहे, रिनाच्या बाजूला अजून दोघी-तिघींना जागा होईल.