मालकाचा फोन आणि ड्रायव्हरकाका

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड आणि आता पार मुका. एका मालिकेच्या सेटवर, दिवाणखान्यातल्या टेबलावर बसतो. माझी वायर टेबलामागे जाते आणि तिथेच संपते.

जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथे बावीस वर्षं मी खऱ्या बातम्या पोचवल्या. बाळ झालं, ताप उतरला, माणूस गेला. अशा बातम्या माणसं कशी ऐकतात, ते मला ठाऊक आहे. पुढे नवे फोन आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून सेटवरच्या सामानवाल्याने मला उचललं.

कुणाची निंदा करू नये, हे मलाही कळतं. पण देवापुढे खोटं तरी कसं बोलू? इथले नायकसाहेब माझी तबकडी तीनदा फिरवतात की लगेच बोलत सुटतात. पलीकडच्याला 'हॅलो' म्हणायलाही उसंत नाही. नायिकाबाईंनी तर परवा माझा रिसीव्हर उलटा धरून हंबरडा फोडला. दिग्दर्शक म्हणाले, "वा ताई, काय रडलात!" मला अगदी शिसारी आली.

याच मालिकेत एक काका आहेत. सहा वर्षं घरच्या ड्रायव्हरचं काम करतात. "गाडी काढू का, साहेब?" एवढंच वाक्य. अखेर त्यांच्या वाट्याला एक प्रसंग आला. ड्रायव्हरचा मुलगा अपघातात जातो आणि बातमी फोनवर येते.

"ऐकायचं, किंचाळायचं, रिसीव्हर टाकून द्यायचा," दिग्दर्शकांनी सांगितलं. "एकच टेक हं, काका. साहेबांना पुढे जायचंय."

काका हळूच म्हणाले, "टाकू कसा? फोन मालकाचा आहे. ड्रायव्हर माणूस टाकेल होय?"

"आता तुम्ही शिकवा आम्हाला! करा काय हवं ते, पण आटपा."

काकांनी रिसीव्हर कानाला लावला आणि ते थांबले. खरंच थांबले. माझ्यात आवाज नव्हता, तरी ते ऐकत होते. "हो, त्याचा बापच बोलतोय." पुन्हा थांबले. "फार लागलं का हो त्याला?" मग बराच वेळ काही नाही. "बरं. निघतो." दोन्ही हातांनी त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. घामाचे डाग पडले होते, ते बाहीने पुसले.

मला माझा दवाखाना आठवला.

"झोप लागली काय यांना?" नायकसाहेब म्हणाले. सगळे हसले. हसणाऱ्यांत दिग्दर्शकही होते.

भाग दाखवला तेव्हा पडदाभर नायकसाहेबांचा धक्का बसलेला चेहरा होता. काकांचा नुसता आवाज आणि मला पुसणारा हात. बाकी सगळं कापलेलं.

दुसऱ्या दिवशी सामानवाला काकांकडे आला. "काका, आईने विचारलंय. तो हात बघून ती भरल्या ताटावरून उठली. म्हणते, त्या माणसाचं पोर खरंच तर गेलं नाही ना?"

"नाही रे, सांग त्यांना, मुलगा खुशाल आहे माझा." मग काका लाजत म्हणाले, "खरंच उठल्या? ताटावरून? परत सांग बघू."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण ज्याचा नुसता हात दिसतो, त्याचं नाव भाग संपताना पडद्यावरून भराभर पळत जातं. ते तेवढं थांबून वाचा. नायकसाहेबांचं राहिलं तरी चालेल, ते स्वतः रोज वाचतात.