सोडून गेलेलं बिऱ्हाड

बेल वाजली तशी सुनेने आधी गॅस बंद केला. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज घालवला, पंखा बंद केला आणि खुर्चीतच अंग चोरून बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वसुलीवाले यायचे त्या वर्षांत सगळं घर हे शिकलं होतं. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत, हेही तेव्हाचंच.

पुन्हा बेल वाजली.

"बँकेतून आलोय. पत्ता बघायचाय फक्त."



देणं तर मागच्याच महिन्यात फिटलं होतं. बँकेने बांधून दिलेले हप्ते नवऱ्याने एकही न चुकवता भरले होते. पण तो सुतार, आणि त्याचं लाकूड कापायचं मशीन त्या कर्जात गेलेलं. आता दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जायचा. नव्या मशीनसाठी कर्ज मागायला गेला, तर साहेब म्हणाले, फेडलंत हे खरं, पण तुमची पत पार धुळीला मिळालीय. ती उभी करायची तर आधी एक छोटं क्रेडिट कार्ड घ्या, थोडी उधारी करा आणि वर्षभर वेळेवर फेडून दाखवा. म्हणजे उधारीत बुडालेल्याला औषध उधारीचंच. नवऱ्याने हसत हसत कार्डाचा अर्ज भरला आणि घरी येऊन जेवला नाही. पत्ता बघायला माणूस येईल, असं तो आज सकाळीच सांगून गेला होता. पत्ता सापडला नाही तर अर्ज तिथेच संपला, आणि मशीनही.

तिने दाराकडे जायला हवं होतं. पण "पत्ता बघायचाय फक्त" असं वसुलीवालेही म्हणायचे, दार उघडेपर्यंत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे घर पाणीसुद्धा फुंकून पीत होतं. ओले हात तसेच धरून ती ओट्याजवळ उभी राहिली.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. शेजारच्या काकू.

"कोण हवंय?"

"इथे सुतार राहतात ना?"

"ते होय? ते केव्हाच सोडून गेले. कुठे, ते काही सांगून गेले नाहीत."

काकूंचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता. इतकी वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या, कुणी न सांगता, आणि त्यांच्या त्या खोट्यावर हे घर तगलं होतं. बाहेर कागद चाळल्याचा आवाज आला. मग शांतता. तो लिहीत असणार.

तिच्या ओल्या हातांतून कडी दोनदा निसटली, मग दार उघडलं.

"आम्ही इथेच राहतो."

माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंचा चेहरा पांढरा पडला. आपण पोरीला वाचवलं की बुडवलं, हेच त्यांना कळेना.

"शेजाऱ्यांना विचारावंच लागतं," तो म्हणाला. "बाई, हे लोक इथे राहतात की नाही?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

"खरं सांगा, काकू. आता सांगितलं तरी चालतं."

खोटं बोलताना कधी न अडखळलेल्या काकू आता अडखळल्या.

"राहतात. म्हणजे... पहिल्यापासूनच राहतात. चांगली माणसं आहेत."

"मग मघाशी?"

"मघाशी तुम्ही कोण, ते माहीत नव्हतं."

माणसाने लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा काहीतरी लिहिलं. काय, ते तिला दिसलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. त्याने तिची सही घेतली, घोटभर पाणी मागितलं, पेला परत दिला आणि तो जिना उतरून गेला.

"गेला?" सासऱ्यांनी आतून कुजबुजत विचारलं.

"गेला."

"किती मागितले?"

"पाणी मागितलं, बाबा."

 सासऱ्यांनी पंखा लावला. त्या माणसाचं पेन आपल्याच हातात राहिलंय, हे तिला तेव्हा कळलं. आणि तेवढ्यात पुन्हा बेल वाजली.

सासऱ्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"चालू राहू द्या," ती म्हणाली.  पेन घेऊन ती दाराकडे गेली.